बॉनेटखालचा बाप्पा आणि बेल्टचा नकाशा

गाडीचं बॉनेट उघडलं की बाकीचे लोक वाकून इंजिनाकडे बघतात. मी मान वर करून झाकणाच्या आतल्या बाजूकडे बघतो. गिऱ्हाइकाला वाटतं, याला इंजिन कुठे असतं तेसुद्धा ठाऊक नाही. एकदोघांनी तर बोट दाखवून "काका, इंजिन खाली आहे" असं सांगितलंही आहे. त्यांना काय सांगणार, मी नकाशा शोधत असतो.

सिडनीच्या पश्चिमेला, क्वेकर्स हिलमध्ये राहून मी आयुष्याची बरीच वर्षं फिरता मेकॅनिक म्हणून काम केलं. फिरता म्हणजे गॅरेज नाही, फक्त एक व्हॅन. तिच्यात पाने, जॅक, तेलाचे डबे आणि बायकोने दिलेला पोळीभाजीचा डबा. गाडी जिथे बंद पडेल तिथे मी हजर. आमच्या मराठी मंडळात डॉक्टर पुष्कळ, इंजिनिअर तर पैशाला पासरी, पण मेकॅनिक मी एकटाच. त्यामुळे गणपतीच्या प्रसादाचं ताट हातात आलं रे आलं की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतं, "जगदाळे, जरा पार्किंगमध्ये येता का, एक आवाज ऐकवायचाय." लग्नाच्या मांडवात डॉक्टरला गाठून लोक जीभ दाखवतात, तसाच हा प्रकार. मी आजवर मंडळाची जिलबी गरम खाल्लेली नाही.

आता गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे काम कमी केलं आहे. तेवढ्यात मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला गाठलं आणि अनुभव लिहा म्हणून मागे लागल्या. मी म्हटलं, मला फक्त बेल्टबद्दल लिहिता येईल. त्या चालेल म्हणाल्या. तेव्हा आता वाचकांनी सोसावं.

हा बेल्ट म्हणजे काय, ते आधी सांगतो. इंजिन नुसती चाकंच फिरवत नाही. बॅटरी भरणारा अल्टरनेटर, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप, एसी, स्टिअरिंग हलकं करणारा पंप, असे चार-पाच जण त्याच्या जिवावर जगत असतात. या सगळ्यांना फिरवतो एकच रबरी पट्टा. आमच्या कऱ्हाडकडे त्याला सरसकट फॅनबेल्ट म्हणतात, फॅनशी त्याचा संबंध कधीच सुटलेला असला तरी. हा पट्टा एका पुलीच्या वरून, दुसरीच्या खालून, तिसरीला पाठ लावून, असा नागमोडी जातो. त्याच्या पोटाकडे उभ्या खाचा असतात आणि पाठ गुळगुळीत असते. खाचांची बाजू खाचांच्या पुलीवर, गुळगुळीत पाठ गुळगुळीत पुलीवर, एवढंच शास्त्र. पण शिलाई मशीनमध्ये दोरा ओवताना एक आकडा चुकला तर मशीन चालल्यासारखं करतं आणि कापडाखाली गुंता होतो. इथेही एक वळण चुकलं तर गाडी गुणी बाळासारखी सुरू होते आणि भलत्या ठिकाणी दगा देते.

म्हणून गाडी बनवणारे बॉनेटच्या आत, किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, एक लहानसा स्टिकर चिकटवतात. त्यावर पाच-सहा गोल असतात आणि त्यांच्यामधून फिरलेली एक जाड रेघ. हाच बेल्टचा नकाशा. गाडीबरोबर जे पुस्तक येतं त्यात रेडिओ कसा लावायचा यावर भरपूर पानं असतात, पण हा नकाशा बहुधा नसतो. इंटरनेटवर सापडतो, पण त्याच नावाच्या गाडीत दोन-तीन प्रकारची इंजिनं येतात आणि प्रत्येकाचा नकाशा निराळा. शिवाय तो काढलेला असतो बेल्टच्या समोर उभं राहून. लहान गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं, म्हणजे बेल्टच्या समोर उभं राहायचं तर चाकाच्या जागी जाऊन बसावं लागेल. आपण उभे असतो गाडीच्या नाकासमोर. त्यामुळे नकाशा हातात घेऊन मान वाकडी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. एक फुकटचा सल्ला देतो. जुना बेल्ट काढण्याआधी फोनने त्याचा एक फोटो काढून ठेवा. आजवर कुणीही तो काढलेला नाही.

गुरमीत नावाचा माझा एक टॅक्सीवाला दोस्त आहे, त्यानेही काढला नव्हता. त्याने बेल्ट घरीच बदलला, फोनवर सापडलेली आकृती बघून. गाडी तीच, साल तेच, इंजिन मात्र दुसरं. योगायोगाने बेल्टची लांबी पुरली. बॅटरी भरत होती, एसी गार होता. हा खुशीत दोन म्हाताऱ्यांना घेऊन वॉलॉंगॉंगला त्यांच्या नातीच्या पदवीदानाला गेला. परतीच्या वाटेवर, समुद्राकडून वर येणाऱ्या घाटात, बॉनेटमधून वाफ निघाली. मी पोचलो तेव्हा म्हातारा-म्हातारी रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून पराठे खात बसली होती आणि गुरमीत इंजिनाला शिव्या देत होता.

"पाजी, बेल्ट तो एकदम फिट बैठा था," तो मला म्हणाला.

फिट बसला होता खरा, पण एका पुलीच्या खालून जाण्याऐवजी वरून गेला होता. त्यामुळे पाण्याचा पंप उलटा फिरत होता. सपाटीवर ते खपून गेलं, चढावर इंजिन उकळलं. त्या घाटात, पराठा खाता खाता, मी माझे दोन नियम गुरमीतला पाठ करायला लावले. नकाशा डोळ्यांनी बघितल्याशिवाय बेल्ट ओवायचा नाही. आणि जुना बेल्ट का गेला ते कळल्याशिवाय नवा घालायचा नाही. या दोन नियमांचा मला फार अभिमान आहे. डोंगऱ्यांच्या दारात मात्र दोन्ही नियम एकाच दिवशी माझ्या मानगुटीवर बसले.

डोंगरे म्हणजे आप्पा आणि लीलाताई. मूळचे सांगलीचे, आता मुलाकडे, मंदारकडे राहतात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आप्पांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. जीव वाचला, पण उजवा हात आणि पाय पूर्वीसारखे राहिले नाहीत. काठी घेऊन चालतात. मंदार आणि सूनबाई दोघंही सकाळीच ट्रेनने सिडनीला जातात. आप्पा दिवसभर खिडकीशी बसून समोरच्यांची हिरवळ बघतात. कृष्णाकाठी जन्म गेलेला माणूस, त्यांना पाणी बघायची ओढ. इथून विंडसरची नदी गाडीने जवळ आहे, पण बसने जायचं तर चढउतार फार, आणि मंदारचे रविवार मुलांच्या क्लासपायी संपतात. म्हणून लीलाताईंनी साठी उलटल्यावर गाडी शिकायला घेतली. मला एकदा त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "यांना आठवड्याच्या मधल्या वारी नदीवर न्यायचंय, आणि तेही कुणाला न विचारता. प्रत्येक वेळी मुलाचं तोंड बघून विचारायचा कंटाळा आला हो."

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये त्या नापास होत होत्या. कारण दर वेळी एकच, आरशात बघत नाहीत. समोर एवढी वाहतूक असताना मागे काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. मंदारने अखेर सांगून टाकलं होतं की ही शेवटची टेस्ट, नाही जमलं तर पुरे आता. आप्पांचा तर पहिल्यापासूनच विरोध होता. "ती पास झाली तरी मी तिच्या गाडीत बसणार नाही," हे त्यांनी मंडळाच्या कोजागिरीला दुधाचा पेला हातात घेऊन सर्वांदेखत जाहीर केलं होतं.

टेस्टच्या दिवशी सकाळी लीलाताईंचा फोन आला. टेस्ट दुपारी अडीचला, आणि त्या घरासमोरच्या ड्राइव्हवेत गाडी मागेपुढे करून हात साफ करत होत्या. एकदम फटकन आवाज झाला, स्टिअरिंग जड झालं आणि लाल दिवा लागला. मी म्हटलं, इंजिन बंद करा, हात लावू नका, आलोच. लक्षणं ऐकूनच मला कळलं होतं की बेल्ट गेला.

जाऊन बघतो तर बेल्टची एक कड फाटून तो खाली लोंबत होता. त्याच्यावरचा नंबर अजून वाचता येत होता, तो मी ओळखीच्या पार्ट्सवाल्याला कळवला. बेल्ट तासाभरात येणार होता. तेवढ्यात नकाशा बघून ठेवावा म्हणून मी सवयीने मान वर केली. बॉनेटच्या आत, बरोब्बर नकाशाच्या जागी, गणपती बसला होता.

चांगला तळहाताएवढा स्टिकर होता. त्याच्यावर हळदीकुंकू, बाजूला कुंकवाचं स्वस्तिक, आणि इंजिनाच्या उष्णतेने सगळं एकजीव झालेलं. गाडी घेतली तेव्हा आप्पांनी पूजा केली होती आणि बाप्पाला बसवायला सपाट जागा शोधली होती. मी विचारलं, खाली काही छापलेलं नव्हतं का. आप्पा म्हणाले, "होतं काहीतरी. गोल गोल आकृत्या होत्या. मला वाटलं नक्षी आहे."

मंदारने ती गाडी घेतलेली होती जपानमधून वापरून आलेली. अशा गाड्या इथे थोड्या. मी फोनवर शोधलं, पार्ट्सवाल्याला विचारलं. आकृत्या दोन-तीन मिळाल्या, पण समोरच्या पुल्यांशी एकही जुळेना. गाडीचं पुस्तक जपानीत होतं. अंदाजाने ओवायचं तर दोन मार्ग दिसत होते आणि दोन्ही मला सारखेच बरोबर वाटत होते. त्यातला चुकीचा निवडला तर लीलाताई परीक्षकाला शेजारी बसवून भर रस्त्यात वाफ काढणार. तेव्हा बाप्पाला उठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी खिशातून पातळ सुरी काढली, तशी आप्पांनी काठी आडवी धरली.

"पूजा केलेला देव आहे, जगदाळे. असा खरवडायचा नाही."

मी टेस्टची वेळ सांगितली. त्यांनी शास्त्र सांगितलं. तेवढ्यात मंदारचा फोन आला. तो दुपारी घरी येऊन आईबरोबर जाणार होता, कारण शिकाऊ माणसाला शेजारी लायसन्सवाला लागतो. आता त्याला ऑफिसमधून निघता येत नव्हतं. स्पीकरवर त्याचा आवाज आला, "आई, कॅन्सल कर ना आजची. नेक्स्ट मंथ बघू, नो वरीज." लीलाताईंनी फोन बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. मी बरोबर येतो म्हटलं. मग त्या आप्पांकडे वळल्या.

"अहो, उठवता येत नाही असा देव असतो का? आपण दरवर्षी पाठवतोच ना त्याला? करा उत्तरपूजा."

 पुढचा भाग मी माझ्या कामाच्या आयुष्यात फक्त एकदाच बघितला आहे. आप्पा धोतर नेसून बाहेर आले. बॉनेट उघडंच होतं. लीलाताईंनी रेडिएटरवर निरांजन ठेवलं, ते मी पेट्रोलच्या भीतीने उचलून लांब, कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. दहीपोह्यांचा नैवेद्य बॅटरीवर ठेवला गेला. आप्पांनी मंत्र म्हणून डाव्या हाताने अक्षता वाहिल्या, त्यातल्या निम्म्या अल्टरनेटरमध्ये गेल्या. विसर्जनाआधी मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. इथे मूर्ती हलेना, म्हणून त्यांनी बॉनेटच किंचित हलवलं.

शेजारचा ट्रेव्हर एवढा वेळ कुंपणाशी उभा होता. आता त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. आरती संपल्यावर तो लीलाताईंना हळू आवाजात म्हणाला, "सॉरी अबाउट द कार, लव्ह." गाडी वारली असं त्याला वाटलं होतं. आप्पांनी सवयीने "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून टाकलं. मी घाईने म्हटलं, पुढच्या वर्षी डॅशबोर्डवर या.

स्टिकर काढायचा तर तो आधी गरम करावा लागतो, म्हणजे मागचा गोंद सैल होतो. सूनबाईचा केस वाळवायचा ड्रायर आणला. मी इंचाइंचाने बाप्पाला सोडवलं. सगळा निघाल्यावर मी आधी बॉनेटकडे बघितलं. नकाशाचा निम्मा भाग बॉनेटवर राहिला होता आणि उरलेल्या भागाची शाई बाप्पाच्या पाठीला चिकटून आली होती. आणि पाठीवरचा भाग उलटा होता, डावीकडचं सगळं उजवीकडे. मी मान वाकडी केली, हात वाकडा केला, बाप्पाला आडवं धरलं. मला काही अर्थबोध होईना. गुरमीत समोर असता तर पोट धरून हसला असता.

"आरशात बघा ना," लीलाताई म्हणाल्या.

त्यांनी माझ्या हातातून स्टिकर घेतला आणि गाडीच्या बाजूच्या आरशासमोर धरला. आरशात नकाशा सरळ झाला. मी कागदावर दोन्ही तुकडे जोडून काढले. कुठल्या पुलीच्या वरून, कुठल्या खालून, सगळं स्वच्छ. ज्या बाईला आरशात बघत नाही म्हणून नापास केलं, तिने मला आरसा दाखवावा याचं मला खूप हसू आलं, पण टेस्ट अजून व्हायची होती म्हणून मी ते गिळलं.

बेल्ट आला. आता दुसरा नियम. जुना का गेला? मी पुल्या हाताने फिरवून बघायला लागलो. कधी एखादी पुली अडकलेली असते, कधी खडा घुसतो. इंजिनाच्या सगळ्यात खालच्या मोठ्या पुलीच्या खाचेत मला काहीतरी मऊ लागलं. चिमट्याने ओढलं. बारीक तार निघाली. तारेला अर्धं लिंबू होतं. मागोमाग मिरच्यांचे तुकडे निघाले, आणि मी तोच हात डोळ्याला लावल्यामुळे पुढची पाच मिनिटं मी नळाखाली होतो.

परत आलो तेव्हा लिंबू-मिरची हातात घेऊन लीलाताई उभ्या होत्या आणि आप्पा हिरवळीकडे बघत होते. लिंबू घरच्या झाडावरचं, मिरच्या कुंडीतल्या. सकाळी बायको आंघोळीला गेल्यावर आप्पांनी ते बॉनेटच्या आत बांधलं होतं. बाहेर बांधलं तर परीक्षकाला दिसेल आणि तो काहीतरी खोट काढेल, म्हणून आत. गाठ डाव्या हाताने मारली होती, ती घट्ट बसली नाही. गाडी हलली तशी तार सुटून बेल्टखाली गेली.

"तुम्ही बसणार नव्हता ना माझ्या गाडीत?" लीलाताईंनी विचारलं.

"बसणार नाही म्हणालो," आप्पा म्हणाले. "पास होऊ नकोस असं कुठे म्हणालो?"

लीलाताई रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आप्पांचा धोतराचा सुटलेला सोगा नीट केला आणि आत जाऊन चहा टाकला. मला तेव्हा उगीचच भरून आलं. मिरचीमुळे डोळे आधीच लाल होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढचं काम सोपं होतं. बेल्ट ताणून धरणारी एक पुली असते, ती पान्याने मागे ओढायची, बेल्ट शेवटच्या गुळगुळीत पुलीवर सरकवायचा आणि पाना हळूच सोडायचा. आप्पा डाव्या हाताने टॉर्च धरून उभे राहिले आणि माझ्या कागदावरून, पोथी वाचावी तसं, "आता वरून, आता खालून, आता पाठ लावून" असं वाचत गेले. खाचा नीट बसल्यात का ते मी बोटाने चाचपलं, इंजिन हाताने एक फेरा फिरवलं, मग लीलाताईंना किल्ली फिरवायला सांगितली. आवाज नाही, लाल दिवा नाही. ट्रेव्हरने कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या. त्याने बहुतेक गाडी जिवंत झालेली पहिल्यांदाच बघितली असावी.

निघताना मी लीलाताईंच्या शेजारी बसलो. एवढ्यात मागचं दार उघडलं आणि आप्पा काठीसकट आत आले.  ते स्वतःच म्हणाले, "घरी बसून काय करू. मागच्या सीटवर बसलो म्हणजे बसलो असं होत नाही." लीलाताईंनी आरशात बघितलं आणि गाडी काढली.

लायसन्सच्या ऑफिसात परीक्षकबाई आल्या, काळा चष्मा, चेहऱ्यावर सुरकुतीचीसुद्धा हालचाल नाही. त्या लीलाताईंना घेऊन गेल्या. आप्पा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो.  मी म्हटलं, होतील पास. त्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली.

मग म्हणाले, "सांगलीला आमची स्कूटर होती. संसारभर ती माझ्या मागे बसली, खांद्यावर हात ठेवून. आता मी तिच्या शेजारी पिशवीसारखं बसायचं, हे पचत नाही हो, जगदाळे. पण ती आज नापास झाली तर परत शिकणार नाही, मला माहितीय. आणि तिचं ते तोंड मला बघवणार नाही."

 मी त्यांना बेल्टच्या खाचांबद्दल काहीतरी सांगितलं, त्यांनी ते ऐकल्यासारखं केलं.

गाडी परत आली. लीलाताई उतरल्या, चेहरा कोरा. परीक्षकबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि आम्हाला उद्देशून म्हणाल्या, "शी चेक्स हर मिरर्स अ लॉट. बट नो वरीज, शी पास्ड." आप्पांनी मला विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून आधी चष्मा पुसला, मग डोळे.

आतलं कामकाज उरकून, फोटो काढून लीलाताई बाहेर आल्या. नवीन चालकाने लावायची लाल पाटी त्यांच्या पर्समध्येच होती, केव्हाची घेऊन ठेवलेली. ती त्यांनी स्वतः पुढेमागे लावली. मी सवयीने पुढच्या सीटवर जाऊन बसलो, पट्टा लावला. आप्पा मागचं दार उघडायला लागले.

"मागे नाही, पुढे या," लीलाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, अगदी मऊ आवाजात, "जगदाळे, तुम्ही उतरता का?"

"माझी व्हॅन तुमच्या दारात आहे," मी म्हटलं.

"हो, पण आम्ही घरी नाही चाललो. नदीवर जाऊन येतो."

मी मंदारला कळवू का म्हणून विचारलं. त्या नको म्हणाल्या. मी उतरलो. आप्पा माझा हात धरून पुढच्या सीटवर बसले, त्यांना पट्टा लावता येईना, तो लीलाताईंनी वाकून लावला. मी काठी आत ठेवून दार लोटलं. काच खाली होती.

"सावकाश चालव गं," आप्पा म्हणाले.

"तुम्ही स्कूटर चालवताना मी कधी काही बोलले?" लीलाताईंनी विचारलं आणि आरशात बघून गाडी रस्त्यावर घेतली.

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी कान देऊन उभा होतो. बेल्टने चकार शब्द काढला नाही. इतकी वर्षं मी या शहरात स्वतःच्या व्हॅनमधून हिंडलो, बस कुठून सुटते ते मला ठाऊकच नव्हतं. दोन ठिकाणी विचारलं, एकदा चुकीच्या दिशेला बसलो. डोंगऱ्यांच्या दारात व्हॅन घ्यायला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांचा ड्राइव्हवे रिकामाच होता आणि मंदार फोन हातात घेऊन पायरीवर उभा होता.

"काका, आई फोन उचलत नाहीये," तो म्हणाला. "कधीपासून ट्राय करतोय."

"गाडी चालवताना फोन उचलत नाहीत रे," मी म्हटलं. "लायसन्स जाईल ना त्यांचं."